पाहण्यासारखे काय आहे?

जालना जिल्ह्यातल्या सुशिक्षितांच्या तोंडी एक वाक्य कायम असते : ‘आमच्याकडे पाहण्यासारखे तसे काही नाही.’ ते विनयाने उच्चारले जाते आणि ऐकणाराही सहानुभूतीने मान डोलावतो. एका बाजूला अजिंठा-वेरूळ, दुसऱ्या बाजूला लोणार आणि मध्ये जालना. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत पूर्ण खुला झाला आणि हा जिल्हा न थांबता ओलांडण्याची उत्तम सोय झाली. आमचे म्हणणे असे की वरच्या वाक्यात विनय नाही, अज्ञान आहे. आणि त्या अज्ञानाचा जाब पर्यटन खात्याला विचारण्याआधी साहित्य शिकवणाऱ्या वर्गाला विचारला पाहिजे.

१ मे १९८१ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हापासून ‘जिल्ह्यातील प्रेक्षणीय स्थळे’ नावाची एक यादी पुस्तिकांतून, स्मरणिकांतून आणि स्पर्धा परीक्षांच्या गाइडांतून फिरते आहे. अंबडची मत्स्योदरी, राजूरचा गणपती, समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब, महानुभावांचा जाळीचा देव, जालन्याचा मस्तगड, घाणेवाडीचा तलाव. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन वाक्ये आणि त्यांत चार विशेषणे आलटून पालटून : प्राचीन, सुंदर, निसर्गरम्य, भाविकांचे श्रद्धास्थान. ही विशेषणे उचलून महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याला चिकटवावीत, कुठेही बिघडत नाही. कवितेत एखादे विशेषण बदलून काही फरक पडत नसेल तर ते निरर्थक आहे, असे आपण वर्गात सांगतो. मग आपल्याच गावाच्या वर्णनाला हा निकष का लावत नाही?

मुळात ‘प्रेक्षणीय’ हा शब्दच तपासून पाहावा. त्यात प्रेक्षक गृहीत आहे. प्रेक्षकाने बसायचे आणि स्थळाने आपले सौंदर्य सादर करायचे, असा हा व्यवहार आहे. वेरूळचे कैलास लेणे हा व्यवहार सहज पार पाडते. ज्याला राष्ट्रकूटांचे नावही ठाऊक नाही तोही तिथे स्तब्ध होतो. पण सर्वच स्थळे अशी नसतात. काही स्थळे वाचावी लागतात. जालना जिल्हा हा प्रामुख्याने अशा स्थळांचा जिल्हा आहे आणि त्याला वाचक मिळालेला नाही.

भोकरदनचे उदाहरण घ्या. केळणेच्या काठचे हे तालुक्याचे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांना दाने देणाऱ्यांच्या शिलालेखांत या गावचे रहिवासी आढळतात. नर्मदेपलीकडे जाऊन आपल्या गावाचे नाव दगडावर कोरून ठेवणारी माणसे इथे होती. १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन समृद्ध वसाहत उजेडात आली. तिथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा जो अवशेष मिळाला, त्याचे इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य आहे. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच समुद्र ओलांडून तिथे पोचली होती. आरंभी तिचे नाते मथुरेशी जोडले गेले होते, पुढे म. के. ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी ते भोकरदनकडे वळवले. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. एवढे झाल्यावर भोकरदनला ‘पाहण्यासारखे’ काय आहे, असे कोणी विचारले तर उत्तर असे की फारसे काही नाही. पण जाणण्यासारखे जे आहे ते फार थोड्या गावांच्या वाट्याला येते.

त्याच तालुक्यात अन्व्याचे देऊळ आहे. आज तिथे महादेवाची पूजा होते. परंतु बाह्यांगावर विष्णूच्या विविध रूपांची आयुधे धारण केलेल्या स्त्रीमूर्ती आहेत आणि त्या विष्णूच्या शक्ती आहेत, हे गो. बं. देगलूरकरांसारख्या मूर्तिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. विष्णूची रूपे स्त्रीदेहात कोरण्याची कल्पना यादवकालीन मराठवाड्यातल्या कारागिराला किंवा त्याच्या आश्रयदात्याला का सुचावी? एम.ए.च्या वर्गात स्त्रीवादी समीक्षेवर तासन्‌तास बोलणाऱ्यांना हा प्रश्न काही तासांच्या अंतरावर वाट पाहत उभा असलेला दिसू नये, याला काय म्हणावे? यादीत मात्र अन्वा ‘कोरीवकामासाठी प्रसिद्ध’ आहे. विषय संपला.

आता आसई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा आर्थर वेलस्लीने पराभव केला. हाच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वॉटर्लूचा विजेता. त्याच्या बाजूची हानी दीड हजारांवर गेली आणि आयुष्याच्या उत्तरार्धातही तो आसईला आपली सर्वोत्तम लढाई मानत असे. या लढाईतली एक गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात ठेवावी. नदीला उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीला समोरासमोरच्या दोन काठांवर दोन गावे दिसली. इंग्रजी कागदांत त्यांची नावे पीपलगाव आणि वारूर अशी येतात. एवढी जवळ वसलेली दोन गावे एकमेकांकडे ये-जा केल्यावाचून राहणार नाहीत, तेव्हा इथे उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने केला. उतार निघाला आणि सैन्य पार झाले.

त्या माणसाने त्या भूप्रदेशात ‘पाहण्यासारखे’ काही शोधले नव्हते. त्याने दोन गावे वाचली. त्याचा हेतू राज्य बुडवण्याचा होता हे खरेच. पण शत्रूचे हे वाचन आपल्यापाशी नसावे, ही गोष्ट पराभवाहून कमी लाजिरवाणी नाही. बंगळूरमध्ये आसईच्या नावाचा रस्ता आहे, ब्रिटिश पलटणींच्या निशाणांवर आसईचे नाव आहे, बर्नार्ड कॉर्नवेलची १९९८ ची इंग्रजी कादंबरी याच लढाईवर उभी आहे. आणि तोफांपाशी शेवटपर्यंत उभे राहून मेलेले शिंद्यांचे गोलंदाज? त्यांच्या चिवटपणाची साक्ष शत्रूने दिली आहे. त्यांच्या वस्त्यांचा, वंशजांचा, त्यांच्याविषयीच्या आठवणींचा शोध मराठीच्या किती संशोधन-आराखड्यांत आला?

‘निसर्गरम्य’ या शब्दाचीही हीच गत आहे. धबधबा, धुके आणि हिरवा डोंगर यांखेरीज निसर्ग नसतो, अशी आपली समजूत करून देण्यात सह्याद्रीच्या वर्णनांचा मोठा हात आहे. जालन्याचा निसर्ग म्हणजे काळी जमीन, कोरडी पडणारी कुंडलिका, दुधनेचे पात्र आणि मोसंबीच्या बागा. २०१२-१३ च्या दुष्काळात त्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या आणि शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी झाडे तोडली. त्याच काळात निजाम राजवटीतल्या घाणेवाडी तलावातला गाळ लोकवर्गणीतून उपसला गेला. घाणेवाडी ‘सहलीसाठी उत्तम ठिकाण’ आहे, असे छापणाऱ्याला हा गाळ दिसत नाही. ज्या पाण्यासाठी शहर तहानलेले राहिले ते पाणी केवळ ‘मनोहारी’ कसे असेल?

यादीचा आणखी एक दोष अधिक गंभीर आहे. यादी माणसांना वाटून घेता येते. जांब एकाचे, जाळीचा देव दुसऱ्याचे, दर्गा तिसऱ्याचा आणि रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेले बेथेल चौथ्याचे. प्रत्येकाने आपापली ओळ वाचायची. पण इतिहास ओळीओळीने चालत नाही. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने जालना लुटले. ‘जालना सोन्याचा पालना’ म्हणवणाऱ्या या पेठेतले धनिक जान मोहंमद या सूफी साधूच्या आश्रयाला गेले आणि त्या आश्रयालाही झळ लागली. परतीच्या वाटेवर मोगलांशी झालेल्या झुंजीत सिधोजी निंबाळकर पडले. सभासदाच्या बखरीतही जालनापूर येते. ही हकिकत कोणाच्याच यादीत नीट बसत नाही, कारण ती एकाच वेळी व्यापाऱ्याची, फकिराची, शिलेदाराची आणि बादशाहीची आहे. म्हणूनच ती सांगितली जात नाही. जे अडचणीचे ते अप्रेक्षणीय, असा हा साधा हिशेब आहे.

यावर कोणी म्हणेल की हे सारे पंडिती आहे. पर्यटनाने रोजगार येतो, त्यासाठी रस्ते, फलक आणि सोपी माहितीच लागते. मान्य. रस्ते व्हावेत, फलकही लागावेत. परंतु फलकावर काय लिहायचे हे कोणी ठरवायचे? ठेकेदाराने? फलक दोन ओळींचाच असतो, पण त्या दोन ओळींमागे दोनशे पानांचे वाचन असावे लागते. ते वाचन करण्यासाठी समाज ज्यांना पगार देतो ते लोक विद्यार्थ्यांना बसमध्ये घालून दरवर्षी वेरूळला नेतात आणि परत आल्यावर ‘माझी अविस्मरणीय सहल’ लिहायला सांगतात.

विशेष म्हणजे याचा पर्याय परदेशातून आणायचा नाही. तो मराठीच्या प्रारंभकाळातच आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ आपण वाङ्मयेतिहासात एका ओळीत उरकतो. चक्रधरस्वामी कोणत्या गावी आले, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूस बसले, तिथले दार कोणत्या दिशेचे, एका स्थानापासून दुसरे कोठे, याची बारकाईची नोंद म्हणजे ही पोथी. वि. भि. कोलत्यांनी ती संपादून आपल्या हाती दिली. तिच्यात ‘सुंदर’ आणि ‘निसर्गरम्य’ यांना जागा नाही. दिशा, अंतर आणि प्रसंग यांना आहे. ती श्रद्धेची पोथी आहे, हे खरे. पण श्रद्धेने जी काटेकोर नजर दिली ती ज्ञानव्यवहाराला देता येऊ नये? अपूर्वाई आणि पूर्वरंग अवश्य शिकवावेत. मात्र प्रवासवर्णन म्हणजे दूर जाणे एवढाच अर्थ विद्यार्थ्याच्या मनात उरला तर आपण एक समृद्ध परंपरा अर्ध्यावर तोडली, असे म्हणावे लागेल.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक दिले आहेत. हे श्रेयांक सध्या उतारे चिकटवून मिळवले जातात. त्याऐवजी जिल्ह्यातल्या प्रत्येक मराठी विभागाने एक नवी स्थानपोथी सुरू करावी. एका विद्यार्थ्याने आपल्या गावातले एकच स्थळ घ्यावे : बारव, मढी, वीरगळ, पीर, वेस, आटलेली विहीर, काहीही. दिशा, मोजमाप, शिल्लक काय, गेले काय, लोक त्याला काय म्हणतात आणि त्याबद्दल कोणत्या दोन कथा सांगतात, एवढे लिहावे. विशेषण वापरले तर गुण कापावेत. दहा वर्षांत जे जमेल ते कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत मावणार नाही.

हा केवळ शैलीचा प्रश्न आहे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने ऑगस्ट २०२२ आठवावा. जांब समर्थच्या राममंदिरातून मूर्ती चोरीला गेल्या. सुदैवाने पोलिसांनी त्या पुढे शोधून काढल्या. जिल्ह्याच्या प्रत्येक यादीत मानाने असलेल्या स्थळाची ही कथा. जी स्थळे कोणत्याच यादीत नाहीत त्यांचे काय होत असेल? हरवलेली मूर्ती शोधायची तर उंची किती, धातू कोणता, हातात काय, झीज कोठे, हे लिहिलेले असावे लागते. ‘अतिशय सुंदर व प्राचीन’ हे वर्णन कोणत्याही पोलीस ठाण्यात चालत नाही. ते मराठीच्या वर्गातही चालता कामा नये.