रुग्णाला मोफत, सोबत्याचं काय?

सरकारी रुग्णालयातला उपचार गरिबाच्या आवाक्यात आला आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाही तर पुढची तक्रार वाचून कुणी म्हणायचं, 'मग खासगीतच गेलेलं बरं.' आमच्या गावात एके काळी हृदयाचं ऑपरेशन म्हटलं की एकरभर रान सावकाराकडे जायचं. आज त्याच घरातला माणूस स्प्रिंग बसवून येतो आणि महिन्याभरात पारावर बसून राजकारणावर तावातावानं बोलतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं हे देणं नाकारणं कृतघ्नपणाचं होईल.

माझं म्हणणं दुसरंच आहे. ही योजना वापरायची तर आजारी माणसासोबत आणखी एक माणूस लागतो. धडधाकट, लिहिता-वाचता येणारा, खिडकीवर न घाबरता बोलणारा आणि आठ-पंधरा दिवस कामधंदा सोडून बसू शकणारा. सगळी योजना त्याच्या पायांवर चालते, पण तिच्या हिशेबात तो कुठेच धरलेला नाही.

मी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होतो. निवृत्तीनंतर गावानं मला नवं काम लावून दिलं. कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की दारात हाक येते, "गुरुजी, संगं चला की." पंचाहत्तरी ओलांडल्यावर मला एसटीचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून तर माझी मागणी आणखी वाढली. त्यामुळे हे लिहितो आहे ते वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून पाहिलेलं आहे.

योजनेचा प्रवास थोडक्यात सांगतो. 2 जुलै 2012 रोजी ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढच्या वर्षी राज्यभर पोचली. 2017 मध्ये तिला जोतिरावांचं नाव मिळालं आणि 1 एप्रिल 2020 पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. आधी ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांची होती. आम्हा मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या मिळून चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून तिचा लाभ मिळे. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयानं रंगांचा हा भेद काढून टाकला. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांचं संरक्षण आणि 1356 उपचार ठरले. 1 जुलै 2024 पासून ते लागू झालं. शिवाय ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळू लागलं. म्हणजे 'मी योजनेत बसतो का?' हा प्रश्न बराचसा सुटला आहे. 'मला योजनेपर्यंत कोण नेणार?' हा तसाच पडून आहे.

आमच्या भावकीतल्या एका चुलतीचं उदाहरण देतो. अंगणात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. 108 ची गाडी आली, मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं, तिथवर सगळं नीट झालं. अपघात विभागात पहिला प्रश्न आला, "सोबत कोणंय?" म्हातारी म्हणाली, "लेकरं कारखान्यावर हायेत." मग मी पुढे झालो. केसपेपर, एक्स-रे, वॉर्डात खाट, तपासण्या, फिजिशियनकडून फिटनेस, रक्तपेढीत रक्तदाता. हे सगळं एका मजल्यावर नसतं, हे जाणाऱ्याला ठाऊकच आहे. यानंतर योजनेची नोंद करणाऱ्या आरोग्यमित्राची खिडकी आली आणि तिथे गाडी अडली.

अडण्याचं कारण अगदी घरगुती होतं. थोरल्या मुलानं वेगळं रेशनकार्ड काढलं, तेव्हा म्हातारीचं नाव जुन्या कार्डावरून कमी झालं आणि नव्यावर चढलंच नाही. आधारवर तिचं नाव एका तऱ्हेनं, मतदार ओळखपत्रावर दुसऱ्या तऱ्हेनं. रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर टाकला की पडद्यावर मुलगा, सून, नातवंडं दिसायची, म्हातारी नाही. तिथला आरोग्यमित्र पोरगा भला होता. तहसीलच्या पुरवठा शाखेत कुणाला भेटायचं हे त्यानंच सांगितलं. पण तहसील एका गावाला, रुग्णालय दुसऱ्या गावाला आणि रुग्ण खाटेवर पायाला वजन लावून पडलेला. मी तहसीलला गेलो तर तिच्या खाटेशेजारी कोण बसणार? शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेनं तिला पाणी पाजलं म्हणून माझं जाणं झालं. नाव चढलं, फोटो झाला, अंगठा झाला, मंजुरी आली, बॉल बसला. एक पैसा लागला नाही आणि आज ती काठी टेकत देवळापर्यंत जाते.

आता या हकिगतीतून मला वजा करून पाहा. योजना तीच, डॉक्टर तेच, पाच लाखही तेच. म्हातारी मात्र खाटेवरच राहिली असती, किंवा 'घरी घेऊन जा' म्हणून परत आली असती.

यावर कुणी म्हणेल की आपल्याकडे नातेवाईक असतातच, घरचं माणूस दवाखान्यात एकटं सोडतंय कोण? ज्याला असं वाटतं त्यानं दसरा-दिवाळीनंतर आमच्या भागात यावं. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडं. तोडीवर नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात आणि मुकादमाकडून उचल घेतली जाते ती या कोयत्यावर. आईच्या खाटेजवळ बसायला दोघांपैकी एक जरी आला, तरी कोयता मोडतो. दुसऱ्याचं काम थांबतं, खाड्याचे पैसे कापले जातात आणि उचल फिटायची ती पुढच्या हंगामावर ढकलली जाते. म्हणून 'मोफत' ऑपरेशनला आईला न्यायचं की नाही, याचा विचार लेक रात्रभर करत बसतो. आई त्याच्या आधीच ठरवून टाकते, "राहू दे, आता बरं वाटतंय."

राष्ट्रीय आरोग्य लेखा या सरकारी अहवालानुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे आणि आमच्या गावातही ती जाणवते. पण बुडालेली मजुरी या हिशेबात धरली जात नाही. कापलेला खाडा त्यात दिसत नाही आणि वॉर्डाच्या जिन्याखाली चादर अंथरून काढलेल्या रात्रीही दिसत नाहीत. रुग्णाला जेवण मिळतं, सोबत्याला नाही. जवळ शिवभोजन केंद्र असेल आणि थाळ्या संपल्या नसतील, तर दहा रुपयांत त्याचं एक वेळचं भागतं. योजनेत घरी परतण्याचं एसटीचं भाडं आहे, तेही फक्त रुग्णाचं. खुब्यात बॉल बसवलेली बाई एसटीच्या पायऱ्या एकटी चढून येईल, असं ते लिहिणाऱ्याला वाटलं असावं.

या सोबत्याची दुसरी अडचण म्हणजे चिठ्ठी. योजनेत मंजूर झालेल्या रुग्णाची औषधं, साहित्य, तपासण्या पॅकेजमध्येच धरलेल्या असतात. तरीही कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर दोन नावं खरडून 'हे बाहेरून आणा' असं सांगितलं जाताना मी पाहिलं आहे. त्या कागदावर ना सही, ना शिक्का, ना रुग्णाचा नंबर. शिकलेला सोबती विचारतो, "हे योजनेत नाही का?" मग पुष्कळदा औषध आतूनच निघतं. न शिकलेला सोबती शर्टाच्या आतल्या खिशातून नोटा काढतो. एकाच वॉर्डात एकाच आजाराचा खर्च सोबत्याच्या शाळेवर ठरावा, हे मला मास्तर म्हणून फार लागतं.

रुग्णालयांची बाजूही मला ठाऊक आहे. परिचारिका कमी, वॉर्ड भरलेले, जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात. आरोग्यमित्र कंत्राटी, तुटपुंज्या पगारावर आणि पगारवाढीसाठी त्यांनाही आंदोलन करावं लागतं. सोबतीला माणूस नसेल तर स्ट्रेचर ढकलायचं कोणी, हा सिस्टरांचा प्रश्न खरा आहे. पण सरकारी रुग्णालयांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. योजनेत नोंद झालेल्या रुग्णामागे खासगी रुग्णालयाला दाव्याची रक्कम मिळते, तशी सरकारी रुग्णालयालाही मिळते. शंभराहून अधिक उपचार तर योजनेनं सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवले होते. कागद जमले नाहीत म्हणून रुग्ण नुसत्या केसपेपरवर निघून गेला, की त्याच्यासोबत रुग्णालयाचं उत्पन्नही जातं. म्हणजे सोबत्याला मदत करणं ही दया नव्हे, रुग्णालयाच्याही फायद्याची गोष्ट आहे.

गाडगेबाबांना ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागली नव्हती. मुंबईत जे.जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा उभारली, आणि दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात येणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. खराटा हातात घेऊन फिरणाऱ्या माणसानं जे ओळखलं, ते आमच्या रुग्णालयांच्या नव्या इमारतींचे नकाशे काढणाऱ्यांना अजून ओळखता येत नाही. तिथे वाहनतळ असतो, उद्घाटनाच्या कोनशिलेला जागा असते, सोबत्यासाठी मात्र नळ आणि निवाराही नसतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. पहिला गावातच होऊ शकतो. टोळ्या कारखान्याला निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, ग्रामसेवक, रेशन दुकानदार आणि आशाताई यांनी एक दिवस बसून प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव कार्डावर आणि आधारवर जुळतं का ते पाहावं. सत्तरीच्या पुढच्यांची वय वंदना कार्डं तिथेच काढून द्यावीत. हाड मोडल्यावर तहसील गाठण्यापेक्षा हे किती तरी सोपं आहे.

दुसरा उपाय रुग्णालयाचा. आरोग्यमित्राची खिडकी अपघात विभागाला लागून आणि रात्रीही उघडी हवी. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून कळवून उपचार सुरू करायची सोय योजनेतच आहे. ती वापरावी, कागद मागाहून येतील. जो रुग्ण एकटा आला आहे त्याच्यासाठी रुग्णालयानं आपला माणूस नेमावा. तो त्याला तपासणीला नेईल, त्याच्या वतीनं खिडकीवर उभा राहील. त्याचा पगार दाव्याच्या रकमेतून निघू शकतो.

तिसरा, बाहेरून काही आणायला सांगायचं असेल तर ते छापील, क्रमांक असलेल्या चिठ्ठीवर, सहीनिशी सांगावं आणि तिची एक प्रत आरोग्यमित्राकडे जावी. ही एवढी शिस्त लागली, तर निम्म्या चिठ्ठ्या लिहिल्याच जाणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.

चौथी बाब विभागांच्या भांडणाची. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचार मोफत झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या विभागाची म्हणून त्या निर्णयात आली नाहीत. सोबत्याला हे विभाग कळत नाहीत आणि कळायचं कारणही नाही. सरकारी पाटी पाहून तो आत येतो. पाटी एक, तर नियमही एकच हवा.

हे होईपर्यंत वाचकांपैकी ज्यांना सवड आहे, त्यांनी एक करावं. आपल्याकडे धुण्या-भांड्याला येणारी बाई, रानात राबणारा गडी, शेजारची एकटी म्हातारी यांच्या रेशनकार्डावर आणि आधारवर एकदा नजर टाकावी. योजनेचा 155388 हा क्रमांक त्यांच्या मोबाइलमध्ये घालून द्यावा. गरज पडली तर एक दिवस त्यांच्यासोबत जावं. शिकलेला माणूस खिडकीसमोर उभा राहिला की आतल्या बोलण्याचा सूर बदलतो, हे लाजिरवाणं असलं तरी खरं आहे.

पण गावोगावच्या गुरुजींच्या भरवशावर राज्याची योजना चालू नये. मंत्री कोणत्याही पक्षाचे असोत, योजनेच्या आढावा बैठकीत किती शस्त्रक्रिया झाल्या आणि किती कोटी खर्च झाले हे ते विचारतातच. त्यांनी प्रत्येक सरकारी रुग्णालयाकडून आणखी एक आकडा मागावा: सोबत कोणी नसताना आलेले रुग्ण किती, त्यांतल्या किती जणांची योजनेत नोंद झाली आणि उरलेले कुठे गेले?