खापर साक्रीच्या नेटवर

‘तुझ्याकडचं नेट गंडलंय रे.’ ज्यांचं घर पुण्या-मुंबईत नाही अशा प्रत्येक आयटीवाल्याने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. मी साक्रीचा. धुळ्याहून सुरतेकडे जाताना लागतं ते साक्री. (साकीनाका नाही, साकोली नाही, साक्री. पुण्यात हे आठवड्यातून एकदा तरी सांगावं लागतं.) व्हर्च्युअल मशीनचा कन्सोल उघडला नाही की आमच्या टीममध्ये पहिला संशय माझ्या गावावर जातो. माझ्या मते हा शुद्ध आळस आहे, आणि तो आपण ‘अनुभव’ या नावाखाली खपवतो.

झालं असं, की जुलैत बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्याला होतं, म्हणून दोन आठवडे घरून काम मागून घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी एक व्हीएम बूट होताना अडकली. व्हीपीएन जोडलेला, व्हीसेंटरला लॉगिन झालेलं, मशीनची सगळी यादी दिसतेय, सीपीयूचे आलेख हलताहेत. कन्सोल उघडायला गेलो तर ‘अनेबल टू कनेक्ट टू द एमकेएस’. फोन केला. लीडने स्क्रीनशॉट उघडायच्या आधीच निकाल दिला, गावचं नेट. दुसऱ्या दिवशी मेल आला की सपोर्टवर असणाऱ्यांनी पुण्यातूनच काम करावं. बाबांच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचं काम मग आईने एकटीने केलं.

आता जरा तांत्रिक बोलू. एमकेएस म्हणजे माउस, कीबोर्ड, स्क्रीन. आपण व्हीसेंटरला लॉगिन करतो तेव्हा ४४३ या पोर्टवरून व्हीसेंटरशी बोलत असतो. पण आम्ही वापरतो त्या रिमोट कन्सोलमध्ये, कन्सोल उघडताना व्हीसेंटर फक्त एक तिकीट देतो आणि सांगतो, की तुझी मशीन अमुक नावाच्या होस्टवर आहे, तिकडे जा. मग आपला लॅपटॉप स्वतः त्या ईएसएक्सआय होस्टचं नाव शोधतो आणि त्याच्या ९०२ पोर्टवर नवीन कनेक्शन उघडतो. म्हणजे वाट दुसरी, दरवाजा दुसरा. यादी दिसते म्हणून कन्सोल दिसेलच असं नाही, आणि कन्सोल दिसत नाही म्हणून मशीन बिघडलीय असंही नाही.

हे माहीत असेल तर तपासणी पाच मिनिटांची आहे. होस्टचं नाव एनएसलुकअपला दिलं, उत्तर नाही. होस्टचा आयपी घेऊन ९०२ वर टकटक केली, टाइमआउट. व्हीसेंटरला पिंग केलं तर एकही पॅकेट गळालं नाही. आमच्या व्हीपीएनवर स्प्लिट टनेलिंग आहे, म्हणजे ठराविक पत्तेच कंपनीच्या बोगद्यातून जातात. त्या यादीत व्हीसेंटरचं सबनेट होतं, ईएसएक्सआय होस्टांचं नव्हतं. आणि आतल्या नावांसाठी कंपनीचा डीएनएस विचारलाच जात नव्हता. ऑफिसात बसलं की हे दोन्ही प्रश्न उरत नाहीत, म्हणून ‘इथे तर चालतंय’.

खरी गंमत पुढे आहे. कोथरूडला राहणाऱ्या एका सहकाऱ्याला म्हटलं, घरून उघडून बघ. अगदी तोच एरर. त्यालाही तो महिनाभर येत होता, आणि त्याच्या बाबतीत त्याचं नाव होतं ‘व्हीपीएन इश्यू’. कोथरूडला आला तर व्हीपीएन इश्यू, साक्रीला आला तर नेट खराब!

आमच्याकडचं नेट कधीच जात नाही असा माझा दावा नाही. लाइट जाते, हायवेला जेसीबीने खोदताना फायबर तुटते. पण तेव्हा सगळंच जातं, पिंग, लॉगिन, व्हॉट्सअ‍ॅप, सगळं. लाइन काही पोर्ट नंबर बघून खराब होत नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ साली महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. ती वीज ग्रीडमध्ये जाते तेव्हा कुणी म्हणत नाही की साक्रीची वीज जरा स्लो आहे.

घरच्या लाइनशी थोडाफार संबंध असलेला एक प्रकार आहे, तोही सांगून टाकतो. कन्सोल जोडला जातो पण पडदा काळाच राहतो. (आधी एक की दाबून बघा, मशीनचा स्क्रीन झोपलेला असू शकतो. हसू नका, होतं असं.) इथरनेटवर एका पॅकेटात १५०० बाइट मावतात, पीपीपीओई ब्रॉडबँडवर १४९२, त्यातून व्हीपीएन आणखी खातो. पिंगची छोटी पॅकेटं जातात, स्क्रीनच्या चित्राची मोठी अडतात. ‘पॅकेट लहान कर’ असं सांगणारा आयसीएमपी संदेश वाटेतला राउटर पाठवतो, पण सिक्युरिटीच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद केलेला असला की तो पोचतच नाही. पाठवणारा पाठवत राहतो, पडदा काळा तो काळाच. पीपीपीओई पुण्यातही असतंच की! खरा उपाय फायरवॉलवर आहे, नाहीतर व्हीपीएनचा एमटीयू कमी करण्यात.

ओपनस्टॅक किंवा प्रॉक्समॉक्सवाल्यांनी खुश व्हायचं कारण नाही. तिकडे ब्राउझरमध्ये ‘१००६’ दिसतो आणि लोक त्या आकड्याचा इलाज शोधत बसतात. वेबसॉकेटच्या २०११ च्या प्रमाणात स्पष्ट लिहिलंय की १००६ हा कोड सर्व्हर कधी पाठवतच नाही, समोरचा निरोप न घेता गेला एवढंच ब्राउझर आपल्याला कळवतो. म्हणजे कारण प्रॉक्सीच्या लॉगमध्ये शोधायचं असतं. तो उघडतो कोण?

न वाचण्याची सवय किती महागात पडते ते एका क्लायंटकडे पाहिलं. कन्सोल उघडेना म्हणून तिथल्या वरिष्ठाने ‘मशीन हँग आहे’ असं ठरवून सरळ रीसेट मारला. मशीन ठणठणीत होती, महिनाअखेरची बॅच अर्ध्यावर होती. डेटाबेस रिकव्हर व्हायला रात्र गेली आणि बॅच पहिल्यापासून चालवावी लागली. खिडकीतून माणूस दिसत नाही म्हणून घराची भिंत पाडावी तसला हा प्रकार.

नावं आणि वाटा हरवणं हे काही खेडेगावचं लक्षण नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकने देखभालीच्या एका चुकीच्या कमांडने स्वतःचं अंतर्गत नेटवर्कच तोडलं, पाठोपाठ त्यांच्या डीएनएसकडे जाणारे रस्तेही जगाच्या नकाशावरून पुसले गेले, आणि दुरुस्तीसाठी ठेवलेली वेगळी वाटसुद्धा त्याच वेळी बंद होती. इंजिनियर डेटा सेंटरला प्रत्यक्ष पाठवावे लागले. सहा तासांच्या आसपास फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप बंद. कॅलिफोर्नियाच्या नेटवर कुणी खापर फोडलं नाही.

आमच्या टीमला माझी मागणी एवढीच आहे की कन्सोलच्या तक्रारीसोबत तीन गोष्टी आल्याशिवाय कुणी निदान करायचं नाही: एररचा पूर्ण मजकूर, होस्टचं नाव सापडतं का, आणि पोर्ट उघडतं का. आणि व्हीपीएनवरून कन्सोल उघडून बघायची तपासणी महिन्यातून एकदा, काही बंद पडलेलं नसताना करायची.

माझं तिकीट अकरा दिवस फिरत होतं. शेवटी नेटवर्क टीमने एक सबनेट यादीत घातलं, डीएनएसचा एक नियम टाकला, आणि साक्रीहून कन्सोल पहिल्या क्लिकला उघडला. कोथरूडहूनही. शेरा मात्र असा पडला: ‘यूजरच्या बाजूचं नेटवर्क सुधारले, तिकीट बंद.’

मी ते पुन्हा उघडलंय.