माती ओळखणारी माणसं घरातच आहेत

दिवाळीची सुट्टी लागली की पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांत मुलं किल्ला करायला घेतात. माती आता पोत्यातून विकत येते, पुष्कळ ठिकाणी किल्लाच तयार मिळतो. पण जिथे अजून मातीचा किल्ला होतो, तिथे उतारावर हळीव पेरायची वेळ आली की कुणाची तरी आजी किंवा वडील पुढे होतात. खडे वेचून माती मोकळी करतात, पाणी ओतू नका, हाताने शिंपडा, असं बजावतात. बीड, लातूर, परभणीकडून आलेल्या या माणसांना मुलं एरवी ‘कंपनीत जाणारे’ म्हणूनच ओळखतात. आमचं म्हणणं असं, की मुलांची निसर्गाशी ओळख करून द्यायला अभयारण्याच्या सहलीपेक्षा ही माणसं अधिक उपयोगाची आहेत, आणि त्यांचं जाणतेपण एका पिढीत संपू शकतं.

याला आधार आहे. अमेरिकी अभ्यासक थॉमस टॅनर यांनी १९८० मध्ये पर्यावरणाचं काम करणाऱ्यांना विचारलं, तुम्ही या वाटेला कसे लागलात? सर्वाधिक उत्तरं लहानपणी उघड्यावर घालवलेल्या वेळाची होती. पुढे लुईझ चावला यांनी नॉर्वे आणि केंटकीतल्या लोकांशी बोलून तेच नोंदवलं. शिवाय जागेइतकंच महत्त्व घरातल्या जाणत्या माणसाला असल्याचंही त्यांना दिसलं. आठवणींवरची ही उत्तरं म्हणजे पक्का पुरावा नव्हे, पण दिशा स्पष्ट आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचा आदेश दिला, तो आवश्यकच होता. तरी पवना मुळेला दापोडीजवळ मिळते हे उत्तर बरोबर लिहिणाऱ्या किती मुलांनी पवनेचा काठ पाहिलाय? १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग भोसरीत, मग चाकणला कारखाने उभे राहिले. कारखान्यांनी इथे जी माणसं आणली त्यांतल्या अनेकांना पाऊस, बी-बियाणं, गुरं कळत होती. त्या कळण्याला शहरात कुणी काही विचारलं नाही.

यावर पहिला आक्षेप येईल: नदीकाठावर दाखवायचं काय, सांडपाणी आणि जलपर्णी? आळंदीत इंद्रायणीवर फेस येतो, हे खरंच आहे. मुलांना त्या पाण्यात उतरवू नये. पण हिवाळ्याच्या तोंडावर शेपटी वरखाली हलवत येणारा धोबी पक्षी याच नद्यांच्या काठावर दिसतो, आणि नदी कधीच न पाहिलेलं मूल मोठेपणी तिच्यासाठी भांडणार नाही. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: दुष्काळाला कंटाळून गाव सोडलेल्यांना पुन्हा मातीचं कौतुक का सांगायचं? शेतीतली ओढाताण गोड करून सांगण्यात अर्थ नाही. तीही मुलांना कळू द्या. कोणत्या वर्षी विहीर आटली, हे वडिलांच्या तोंडून ऐकणं हाही निसर्गाचाच परिचय आहे.

उरला वेळेचा प्रश्न, आणि तो घरच्या इच्छेवर ढकलणं अन्यायाचं होईल. भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, शाळेला रविवारी. त्यातून पाळ्या बदलत्या. शाळांनी वर्षातले चार गुरुवार परिसरभेटीचे ठरवावेत, दुर्गा टेकडी किंवा जवळचा घाट निवडावा आणि त्या दिवशी शिकवायला पालकांना बोलवावं. जिथे सुट्टी वेगळी, तिथे कंपन्यांनी त्या पाळीपुरती मोकळीक द्यावी.