अ‍ॅनी मूरची वंशावळ आणि पुराव्याचा प्रश्न

न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील स्थलांतरित-केंद्रात १ जानेवारी १८९२ रोजी पहिली नोंद झाली, ती दोन धाकट्या भावांसह आयर्लंडमधील कॉर्कहून आलेल्या अ‍ॅनी मूर या मुलीची. पुढे ती पश्चिमेकडे गेली व १९२३ मध्ये टेक्सासात अपघाती मरण पावली, असे अनेक दशके मानले गेले. २००६ मध्ये मेगन स्मोलेन्याक या वंशावळ-अभ्यासिकेने दाखवून दिले की, टेक्सासची अ‍ॅनी मुळात इलिनॉय राज्यात जन्मलेली होती. खरी अ‍ॅनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतच राहिली, काही अपत्ये तिने बालपणीच गमावली आणि १९२४ मध्ये ती नामशिळेविना पुरली गेली.

हा प्रमाद केवळ नामसाम्याचा नव्हे. पश्चिमेकडे निघालेली नायिका राष्ट्रकथेला हवी होती. दारिद्र्यात झिजलेली नको होती. आपले काही कुलवृत्तांतही मूळपुरुष शोधताना याच मोहाला बळी पडलेले दिसतात.

आयरिश कुळांचा शोध तर मुळातच दुर्घट. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक पत्रके १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागारातील आगीत गेली. १८६१ ते १८९१ ची त्यापूर्वीच शासनाने नष्ट केली होती. संपूर्ण उपलब्ध असलेली पहिली जनगणना १९०१ ची; तोवर अ‍ॅनीने देश सोडून नऊ वर्षे लोटली होती. अशा स्थितीत एकट्या नावावर विसंबणारा अभ्यासक फसणारच. भावंडांची नावे, वये, जन्मस्थळ व विवाहनोंद ही सारी एकमेकांशी ताडून पाहिल्याखेरीज वंशवृक्षाची एकही फांदी ग्राह्य मानू नये, असे माझे मत आहे.