विश्लेषण : म्यानमारबाबत ‘आसियान’चे हात कशाने बांधलेत?

म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. त्याच दिवशी थायलंड, फिलिपिन्स आणि कंबोडियाने ही त्या देशाची ‘अंतर्गत बाब’ असल्याचे सांगितले. हे तिन्ही देश म्यानमारसह ‘आसियान’चे सदस्य आहेत. त्यांनी आधार घेतला तो अहस्तक्षेपाच्या तत्त्वाचा. पण हे तत्त्व खरोखर गप्प बसायला सांगते का?

हस्तक्षेप कशाला म्हणतात?

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) दुसऱ्या देशाविरुद्ध बळाच्या वापराला मनाई करते. १९८६ मध्ये निकाराग्वा विरुद्ध अमेरिका खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हस्तक्षेपाची कसोटी सांगितली : जबरदस्ती. निकाराग्वातील ‘कॉन्ट्रा’ बंडखोरांना शस्त्रे व प्रशिक्षण देणे हा हस्तक्षेप ठरला. अमेरिकेने लादलेली व्यापारबंदी मात्र या तत्त्वाचा भंग मानली गेली नाही. म्हणजे टीका तर सोडाच, व्यापार थांबवणेही या कसोटीवर हस्तक्षेप ठरतेच असे नाही.

मग ‘आसियान’ची अडचण काय?

‘आसियान’ने हे तत्त्व कायद्याच्या अपेक्षेपेक्षा अधिक ताणले. १९६७ मध्ये संघटना स्थापन झाली, तेव्हा इंडोनेशिया-मलेशिया संघर्ष नुकताच शमला होता. एकमेकांच्या घरात डोकावायचे नाही, या अटीवरच शेजारी एकत्र आले. १९७६च्या बाली करारात ती अट लेखी झाली. त्यात निर्णय सहमतीने होतात.

एप्रिल २०२१ मध्ये पाच कलमी सहमती झाली. हिंसाचार थांबवणे हे तिचे पहिले कलम. लष्कराने ते पाळले नाही. ऑक्टोबरमध्ये लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग यांना शिखर परिषदेपासून दूर ठेवले गेले. सदस्यत्व कायम राहिले.

दुसरा मार्ग आहे का?

आफ्रिकेत आहे. रवांडातील १९९४च्या वंशसंहारानंतर साकारलेल्या आफ्रिकी महासंघाच्या घटनेतील कलम ४(एच) वंशसंहार, युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत हस्तक्षेपाचा अधिकार देते. तो वापरण्याची राजकीय इच्छा मात्र क्वचितच दिसते.

भारताचा संबंध काय?

१९५४च्या भारत-चीन करारातील पंचशीलात हेच तत्त्व आहे. म्यानमारशी भारताची १,६४३ किलोमीटरची सीमा आहे आणि तिथले हजारो निर्वासित मिझोराममध्ये आले आहेत. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये म्यानमारवरील सुरक्षा परिषदेच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. अहस्तक्षेपाचे तत्त्व दुबळ्या देशांना बलाढ्यांपासून वाचवते. पण नागरिकांवर बंदूक रोखणाऱ्या राज्यकर्त्यांची ढालही तेच बनते, तेव्हा ‘अंतर्गत बाब’ सीमा ओलांडून शेजाऱ्याच्या दारात येते.