बंदराची वेस आणि आपली मुले

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील एक प्रसंग आठवला. आठवीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, तुम्ही पोलीस आहात की नौदलात?" मी म्हणालो, "दोन्ही नाही. मी बंदराच्या सुरक्षेचे नियोजन करणारा नागरी कर्मचारी आहे." मुलाचा चेहरा उतरला. गणवेश नाही, बंदूक नाही, मग सुरक्षा कसली? त्याचा प्रश्न योग्यच होता. त्याला तेव्हा देता न आलेले उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न करतो. हे उत्तर केवळ त्या मुलासाठी नाही. आपल्या समाजाने कोणत्या कामाकडे डोळे लावावेत, याविषयीचे माझे मतही त्यात आहे.

माझे वडील किहीममध्ये मुंबईच्या एका शेठजींच्या बंगल्यावर रखवालदार होते. एक काठी, एक विजेरी आणि फाटकाजवळची खोली, एवढा त्यांचा संसार. बंगल्याची भिंत कोठे पडकी आहे, कोणत्या बाजूने चोर येऊ शकेल, हे त्यांना मालकापेक्षा अधिक ठाऊक होते. पण भिंत कोठे बांधावी, हे त्यांना कधी कोणी विचारले नाही. मला वसतिगृहात पाठवताना ते एवढेच म्हणाले होते, "काठी माझ्यापर्यंतच राहू दे." त्या वाक्याचा अर्थ मला नोकरीत शिरल्यावर उमगला.

आपल्या किनाऱ्यावर सुरूच्या बनापलीकडे उभे राहिले की समोर खांदेरी-उंदेरी दिसतात. खांदेरी 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी वसवली आणि तिच्यावर डोळा ठेवण्यासाठी सिद्दीने लगेच उंदेरी बळकावली. मुंबईच्या तोंडाशी कोण बसणार, हा तेव्हाचा प्रश्न आजही बदललेला नाही. त्या बेटांपलीकडे रात्री जे दिवे लुकलुकतात, ती मुंबई आणि न्हावा शेवा बंदरांत शिरण्यासाठी थांबलेली जहाजे असतात. देशाच्या व्यापाराची वेस आपल्या अंगणासमोर आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

ही वेस तीन वेळा कशी उघडी पडली, ते आपल्या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. 1993 च्या आरंभी दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व आरडीएक्स उतरले आणि 12 मार्चला मुंबईत 257 माणसे मारली गेली. तेथे चौक्या नव्हत्या असे नाही, माणसेही होती. पण त्यांतील काहींनी पैसे घेऊन डोळे मिटले आणि न्यायालयाने पुढे सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील लोकांनाही दोषी ठरवले. 26 नोव्हेंबर 2008 रोजी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावून दहा अतिरेकी मुंबईत शिरले. 166 माणसांचा जीव गेला. ते जेथे उतरले, त्या मच्छीमार वसाहतीतील लोकांनी त्यांना पाहिले होते, हटकलेही होते. परंतु कोळ्याच्या डोळ्यांनी पाहिलेले वेळेत यंत्रणेच्या कानापर्यंत पोहोचवणारी वाट नव्हती. तिसरा प्रसंग ऑगस्ट 2022 चा. हरिहरेश्वरजवळ तीन एके-47 रायफली असलेली एक बेवारस नौका वाहत आली. ती परदेशी मालकीची असून आखाताच्या बाजूला संकटात सापडल्यावर खलाशांनी सोडून दिलेली होती, असे निष्पन्न झाले. घातपात नव्हता, हे आपले सुदैव. पण एक नौका अरबी समुद्र ओलांडून किनाऱ्याला लागेपर्यंत तिला कोणी अडवले नाही, हे खरे.

पहिल्या प्रसंगात सचोटी कमी पडली, दुसऱ्यात निरोप पोहोचवण्याची व्यवस्था, तर तिसऱ्यात अखंड निरीक्षण. बंदुका वाढवून यांतील एकही उणीव भरून निघत नाही. ती नियोजनानेच भरून निघते आणि माझ्या नोकरीचे सारे प्रयोजन तेथेच आहे.

अमेरिकेवरील 2001 च्या हल्ल्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर 2002 मध्ये जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची एक संहिता स्वीकारली. 1 जुलै 2004 पासून ती जगभर लागू झाली. परदेशी जहाज जेथे लागते, त्या प्रत्येक धक्क्याचे सुरक्षा मूल्यांकन झाले पाहिजे, त्यावरून लेखी आराखडा तयार झाला पाहिजे आणि तो राबवणारा जबाबदार अधिकारी नेमला पाहिजे, असे ती सांगते. सुरक्षेचे तीन स्तर ठरलेले असतात. दर तीन महिन्यांनी कवायत आणि वर्षातून एकदा मोठा सराव करावा लागतो. मूल्यांकन म्हणजे काय? बंदरात मोलाचे काय आहे, त्याला धोका कोणापासून आहे, तो कोणत्या वाटेने येईल, आला तर कोण कोणाला किती मिनिटांत कळवील, या प्रश्नांची प्रत्यक्ष जागेवर फिरून काढलेली उत्तरे. फाटक, कुंपण, दिवे, ओळखपत्रे, कंटेनरची मोहोरबंदी, ट्रकतळ, आग लागल्यास बाहेर पडण्याचा रस्ता, हे सारे त्यात येते. संगणकही येतो. जून 2017 मध्ये न्हावा शेवा येथील एका टर्मिनलचे काम संगणकीय विषाणूमुळे ठप्प झाले. नौका आली नाही, बंदूक चालली नाही, तरी कंटेनर जागचे हलेनात.

नोकरीच्या आरंभीचा एक अनुभव सांगतो. एका बंदराचा आराखडा आम्ही कार्यालयात बसून केला होता. बंदराचे नाव सांगण्याचे कारण नाही. नकाशावर कुंपणाची रेषा पाण्याला टेकली होती आणि आम्ही समाधानी होतो. पाहणीच्या दिवशी नेमके उधाण होते आणि उधाणाची ओहोटी तितकीच खोल जाते. पाणी ओसरल्यावर चिखलातून निवट्या आणि खेकडे धरणाऱ्या कोळणी कुंपणाला वळसा घालून सहज आत आल्या. त्यांतील एका वयस्कर बाईंना मी विचारले, तर त्या म्हणाल्या, "सुकती लागली की आम्ही याच बाजूनं येतो-जातो. तुमचं कुंपण चिखलापर्यंतच आहे ना!" आम्ही भरतीच्या रेषेवर कुंपण थांबवले होते. भरती-ओहोटीचे कोष्टक कार्यालयाच्या कपाटात होते, पण ते उघडून पाहण्याचे कोणाला सुचले नव्हते. अहवालात ही चूक नोंदवली तेव्हा एका वरिष्ठाने विचारले, "हे एका कोळणीने सांगितले, असे लिहायचे का?" मी म्हणालो, "होय साहेब, तसेच लिहायचे." त्या एका वाक्यासाठी मला थोडा त्रास झाला, पण कुंपण सुधारले गेले.

नियोजनाची हेळसांड किती महाग पडते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या महत्त्वाच्या दिवसाशीच जोडलेले आहे. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज पेटले. त्यात सुमारे 1400 टन स्फोटके होती आणि त्यांच्याच सोबत कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गासड्या! धोक्याचा लाल बावटा जहाजावर लावलेलाच नव्हता. दुपारी धूर दिसला, बंबवाले पाणी मारत राहिले आणि चार वाजून काही मिनिटांनी जहाज फुटले. 66 अग्निशामक जवान आणि शेकडो कामगार व रहिवासी मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. शत्रूने काही केले नव्हते. काय कशाजवळ ठेवू नये, हे ठरवणाऱ्यांनीच ते पाळले नाही.

त्या दिवशी बाबासाहेबांचा 53 वा वाढदिवस होता आणि ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या पदावर असताना त्यांनी दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांना दिशा दिली. 1945 मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग उभा राहिला, तोही त्यांच्याच पुढाकाराने. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना वंदन करतो, परंतु आकडे, नकाशे आणि नद्या समोर ठेवून देशाचे नियोजन करणारा हा माणूस आपल्या भाषणांत क्वचितच येतो. माझ्या मते आपल्या मुलांना त्याची ओळख करून देण्याची आज निकड आहे.

याचे कारण आपल्या इतिहासात आहे. गावगाड्यात आपला पूर्वज वेसकर होता. गावाची वेस त्याने राखायची, रात्री गस्त त्याने घालायची, सरकारी टपाल आणि खजिना त्याने पोहोचवायचा आणि स्वतः मात्र वेशीबाहेर राहायचे. ज्याच्या भरवशावर गाव झोपत असे, त्याला गावाच्या निर्णयात जागा नव्हती. 1928 मध्ये बाबासाहेबांनी या वतनाविरुद्ध मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. वतन कायद्याने नष्ट व्हायला 1958 साल उजाडले. कायद्याने वतन गेले, पण सवय गेली का? आजही आपल्या किती मुलांना सुरक्षा क्षेत्र म्हटले की खासगी कंपनीची निळी टोपी आणि बारा तासांची पाळीच दिसते? त्या कष्टांचा मी अनादर करीत नाही, कारण त्याच भाकरीवर मी वाढलो. पण फाटकावर उभे राहणे आणि फाटक कोठे असावे हे ठरवणे, यांतील अंतर एका पिढीने तरी ओलांडले पाहिजे.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकतो. सुरक्षा वाढली की किनाऱ्यावरच्या गरिबाचाच जाच वाढतो. ओळखपत्रे, नौकांचे रंग, समुद्रातील तपासण्या, अडवलेल्या वाटा, सारे त्याच्याच वाट्याला येते. या आक्षेपात तथ्य आहे. न्हावा शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले, पण उरणच्या शेतकऱ्यांनी भूसंपादनाविरुद्धच्या 1984 च्या आंदोलनात पाच हुतात्मे दिले होते. ज्यांच्या जमिनीवर विकास उभा राहिला, त्यांनाच फाटकावर संशयाने पाहणारी व्यवस्था न्याय्य तर नाहीच, ती सुरक्षितही नाही. 2008 ने शिकवले की किनाऱ्याचे पहिले डोळे कोळ्याचे असतात. ज्याला आपण रोज अपमानित करतो, तो संशयास्पद नौका दिसल्यावर 1093 क्रमांक कशासाठी फिरवील? म्हणूनच आराखडा करणाऱ्यांच्या टेबलावर त्या वस्तीतून आलेले कोणी तरी बसलेले हवे.

ही वेळ त्यासाठी अनुकूल आहे. केंद्र सरकारने डिसेंबर 2025 मध्ये बंदर सुरक्षेसाठी स्वतंत्र ब्यूरो स्थापण्याचे पाऊल उचलले. त्याला नव्या व्यापारी नौवहन कायद्याचा आधार आहे आणि प्रमुखपदी भारतीय पोलीस सेवेतील वरिष्ठ अधिकारी असणार आहे. बंदरांच्या सुरक्षा मूल्यांकनात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलालाही मोठी भूमिका मिळाली आहे. गणवेशातील सेवेविषयी मला आदर आहे. पण माझे स्पष्ट मत असे की, या रचनेत नागरी नियोजकांची कायम शाखा असली पाहिजे. पोलीस अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलून जातो, तर बंदराची स्मृती टिकवणारा माणूस तेथेच राहावा लागतो. मालवाहतूक, संगणक, अग्निसुरक्षा, भरती-ओहोटी आणि किनाऱ्यावरची माणसे जाणणाऱ्यांची भरती खुल्या परीक्षेने आणि आरक्षणाचे नियम पाळून व्हावी. कंत्राटी सल्लागारांवर हे काम सोपवणे मला धोक्याचे वाटते. शेखाडीने दाखवले की उत्तरदायित्व नसलेला माणूस ही सर्वांत स्वस्त फट असते.

आणि आपण काय करावे? शाळेच्या व्यवस्थापनापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, आठवीपासून नकाशावाचन आणि भरती-ओहोटीचे कोष्टक शिकवावे. त्यासाठी थळ-आवासचे कोळी बांधव उत्तम शिक्षक ठरतील. दुसरी, निरीक्षणवही प्रत्येकाला सक्तीची करावी. डॉ. सालिम अलींनी याच किहीममध्ये सुगरणीची घरटी दिवसेंदिवस न्याहाळून तिच्या संसाराचे कोडे उलगडले. पाहण्याची ही चिकाटी पक्ष्यांना लागू पडते तशी बंदरालाही पडते. तिसरी, माजी विद्यार्थी संघाने बंदर प्राधिकरणे, सीमाशुल्क, नौवहन महासंचालनालय आणि सागरी विद्यापीठ येथील परीक्षांचे मार्गदर्शन सुरू करावे. मुलींसाठी तर आवर्जून, कारण नकाशापुढे बसायला दंडाचा घेर लागत नाही. पहिली पाच वर्षे दर महिन्याचा एक रविवार मी स्वतः देईन.

अंगुत्तर निकायातील नगरोपम सुत्तात तथागतांनी सीमेवरच्या एका नगराचे रूपक योजले आहे. त्या नगराला खंदक आहे, तटबंदी आहे, शस्त्रे आणि सैन्यही आहे. आणि दाराशी एक द्वारपाल आहे, शहाणा, जाणता, अनोळख्याला थांबवणारा आणि ओळखीच्याला आत घेणारा. हा द्वारपाल म्हणजे सती, म्हणजेच जागृती. आपल्या पूर्वजांना वेशीवर उभे केले गेले, पण शहाणे होण्याचा अधिकार नाकारला गेला. तथागतांच्या नगरात मात्र वेस राखणाऱ्याची पहिली पात्रताच प्रज्ञा ही आहे.

माझे वडील आता हयात नाहीत. त्यांची काठी मी घरी जपून ठेवली आहे. यंदाच्या मेळाव्यात तो आठवीचा मुलगा पुन्हा भेटला, तर त्याला मी बंदराचा एक कोरा नकाशा देणार आहे आणि विचारणार आहे, "बाळ, फाटक कोठे ठेवशील?"

जय भीम!