बियाणे नोंदवण्याआधी एक खड्डा घ्या



खरिपाची बियाणे नोंदणी सुरू आहे. जो येतो तो सोयाबीन मागतो. जमीन किती खोल आहे हे मात्र कोणी सांगत नाही. आमच्या मते कोरडवाहूत पहिला प्रश्न तोच आहे. वाण आणि खत नंतर.

मृदा आरोग्य पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश, सामू धरून 12 गोष्टी येतात, पण मातीची खोली येत नाही. आणि पावसाचा खंड पडला की पीक तगतं ते खोलीवरच.

हिशेब साधा आहे. मुरमावर वीतभर माती असेल तर ती पिकाला जेमतेम 30-35 मिमी पाणी धरून ठेवते. तीन फूट खोल काळी जमीन 150 मिमीच्या आसपास धरते. फुला-शेंगांतलं सोयाबीन दिवसाला 4-5 मिमी पाणी ओढतं. म्हणजे हलक्या रानात आठवड्यातच पीक माना टाकणार, भारीत तेच तीन-चार आठवडे निघणार. बियाणं तेच, खत तेच, पाऊसही तोच!

म्हणून पेरणीआधी शेतात वर, मध्ये आणि खाली असे तीन खड्डे घ्या. मुरूम लागेपर्यंत खोली मोजा.

▪ वीतभर माती : मटकी, हुलगा, बाजरी
▪ वीत ते हातभर : बाजरी + तूर (2:1)
▪ हातभराच्या पुढे : सोयाबीन, सोबत तूर
▪ तीन फुटांच्या पुढे : खरिपात सोयाबीन घेतल्यावर ओल असेल तर हरभरा

तुम्ही म्हणाल, मटकी-हुलग्याला सोयाबीनसारखा बाजार कुठाय? खरं आहे. पण भाव मिळतो तो घरात आलेल्या मालाला. माळरानावर उधारीचं बियाणं टाकून निम्मं रान करपलं, तर हमीभाव काय कामाचा? एकाच गटात वर माळ आणि खाली काळी असेल तर दोन पिकं घ्या. त्यात कमीपणा नाही.

आणि काहीही पेरा, पण 75-100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पेरणी उताराला आडवीच करा.

नोंदणीला येताना गट नंबरासोबत तिन्ही खड्ड्यांची खोली लिहून आणा. बियाणं त्यावरून ठरवू, शेजाऱ्याकडे बघून नको.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी